संगणकाची अग्निपरीक्षा

नवा पूल रहदारीस खुला करण्यापूर्वी त्यावर माल भरलेले ट्रक उभे करून तो किती वाकतो ते मोजतात. संगणकाचीही अशीच परीक्षा घेता येते. मात्र येथे भार असतो तो गणितांचा!

संगणकाच्या प्रोसेसरमध्ये कोट्यवधी ट्रान्झिस्टर असतात. प्रत्येक ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना थोडी विद्युत ऊर्जा खर्च होते व तिची उष्णता बनते. ही उष्णता चालू-बंद होण्याच्या वेगाच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दाब १० टक्क्यांनी वाढवला, तर उष्णता २१ टक्क्यांनी वाढेल. पडताळून पाहा बरे! टेबलावरच्या संगणकाचा प्रोसेसर पूर्ण भाराखाली १०० वॉटपर्यंत किंवा त्याहूनही अधिक उष्णता देऊ शकतो. तीही टपालाच्या तिकिटाहून लहान अशा सिलिकॉनच्या तुकड्यातून!

ही उष्णता प्रथम उष्णतावाहक लेपातून धातूच्या पातळ पात्यांत जाते आणि तेथून पंख्याच्या वाऱ्याने हवेत मिसळते. लेप वाळला किंवा पात्यांत धूळ साचली की वाट अडते. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की अनेक प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतात. तरीही ते वाढत राहिले, तर संगणक बंद पडतो.

मग परीक्षा कशी घ्यायची? जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मेर्सेन मूळ संख्या शोधण्याचा प्रकल्प सुरू केला. २ च्या घातातून १ वजा केल्यावर मिळणाऱ्या ३, ७, ३१, १२७ अशा या मूळ संख्या. प्रचंड संख्यांच्या या आकडेमोडीत एक अंक चुकला, तरी सारे श्रम वाया! म्हणून त्यांच्या ‘प्राइम९५’ या प्रोग्रॅममध्ये यंत्राच्या परीक्षेचीही सोय आहे. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी गणिते तो तासन्‌तास सोडवून घेतो आणि उत्तरे ताडून पाहतो.

निकाल कसा वाचायचा? तापमान चढून एका पातळीवर स्थिरावले आणि उत्तरे बरोबर आली, तर यंत्र उत्तीर्ण. तापमान चढतच गेले आणि वेग घटला, तर दोष बहुधा थंड करण्याच्या व्यवस्थेत. तापमान ठीक असूनही उत्तर चुकले, तर स्मृती, विद्युतपुरवठा किंवा मर्यादेपलीकडे वाढवलेला वेग यांवर संशय घ्यावा. २०१६ मध्ये तर याच प्रोग्रॅममुळे इंटेलच्या ‘स्कायलेक’ प्रोसेसरमधील दोष उघडकीस आला. एका विशिष्ट गणितात ते गोठून जात. दोष उष्णतेचा नव्हता, प्रोसेसरचाच होता. कंपनीने तो मान्य करून दुरुस्ती दिली.

बंद पडलेला संगणक निदान दिसतो तरी. गुपचूप चुकीचे उत्तर देणारा संगणक अधिक धोक्याचा, कारण आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो. म्हणूनच ही परीक्षा!

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. जानेवारीत, खोलीचे तापमान २२ अंश असताना, एका संगणकाचा प्रोसेसर ८५ अंशांवर स्थिरावला. मे महिन्यात खोली ३८ अंशांवर गेली, तर तो पुन्हा उत्तीर्ण होईल का?