लॅपटॉप पुण्याचा, खुर्ची म्युनिकची!

‘घरून काम चालतं, तर परदेशातल्या घरून का नाही चालणार?’ प्लेसमेंटचा सीझन आला की मेसच्या टेबलावर हा प्रश्न हमखास निघतो. नोकरी आपल्या पुण्याची, मॅनेजर ओळखीचा, पगार वेळेवर आणि खिडकीबाहेर बर्फ! लॅपटॉप आणि वायफाय असलं की ऑफिस कुठेही थाटता येतं, हे २०२० च्या लॉकडाऊनने सगळ्यांना दाखवून दिलं. त्यामुळे उत्तरही सोपंच वाटतं. पण मित्रमैत्रिणींनो, ते तितकंसं सोपं नाही, आणि हा विषय आपल्या कुठल्याच सेमिस्टरला नाही. म्हणून हा लेख.

माझ्या मावसबहिणीला हे गणित खरोखरचं सोडवावं लागलं. ताईची पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगमध्ये सहा वर्षं झाली होती. तेवढ्यात जिजूंना म्युनिकला नोकरी लागली. घरचे म्हणाले, ‘‘त्यात काय, लॅपटॉप घेऊन जा!’’ मॅनेजरही म्हणाला, ‘‘नो प्रॉब्लेम.’’ मग मेल एचआरकडे गेला आणि तिथून प्रश्नांची भलीमोठी यादी आली. ती समजून घेण्यासाठी आम्ही दोघी पंधरा दिवस वाचत बसलो होतो. एवढं वाचून हाती एकच सूत्र लागलं. कंपनी कुठली, सर्व्हर कुठे, पगार कुठल्या बँकेत, हे सगळं नंतर. कायदा आधी विचारतो, काम करताना तुमची खुर्ची कुठे होती? व्हीपीएन लावून आयपी ॲड्रेस पुण्याचा दाखवता येईल, पण खुर्ची म्युनिकमध्येच राहते!

आता एकेक मुद्दा बघू.

१) व्हिसा

टुरिस्ट व्हिसा फिरण्यासाठी असतो. ‘मी तर भारतीय कंपनीचं काम करतोय, इथल्या कोणाची नोकरी थोडीच घेतोय?’ हा युक्तिवाद आपल्याला पटतो, इमिग्रेशनवाल्यांना पटेलच असं नाही. कामाची परवानगी ही त्या जमिनीवर बसून केलेल्या कामासाठी लागते.

यावर काही देशांनी वेगळा व्हिसा काढला. एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये ‘डिजिटल नोमॅड’ व्हिसा सुरू केला. पोर्तुगालचा २०२२ मध्ये आला, स्पेनचा २०२३ मध्ये आणि थायलंडचा २०२४ मध्ये. पण इथे उत्पन्नाची किंवा शिलकीची अट असते. पोर्तुगालमध्ये तुमचं उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट लागतं, स्पेनमध्ये दुप्पट. थायलंडला खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात. म्हणजे आपल्यासारख्या फ्रेशरने सध्या फक्त फोटो बघावेत!

जर्मनीत असा खास व्हिसा नाही. पण तिथे नोकरी करणाऱ्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला जो कौटुंबिक परवाना मिळतो, त्यावर काम करता येतं. त्यामुळे ताईसाठी हे दार उघडं होतं. सगळीकडे असं नसतं. अमेरिकेत एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो आणि त्यावर वेगळं वर्क परमिट घेतल्याशिवाय काम करता येत नाही. ते परमिटही २०१५ पासून काही ठरावीक जणांनाच मिळायला लागलं.

२) टॅक्स

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे ‘रहिवासी’ हा शब्द मला सोसायटीच्या नोटीस बोर्डापुरताच माहीत होता. इन्कम टॅक्समध्ये मात्र सगळा खेळ ह्याच शब्दावर आहे. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात काढले, तर त्या वर्षापुरते तुम्ही भारताचे रहिवासी. (६० दिवसांचा आणखी एक नियम आहे, पण आपलं उदाहरण १८२ वरच सुटतं.) समजा कोणी १ नोव्हेंबरला निघालं, तर एप्रिल ते ऑक्टोबरचे २१४ दिवस आधीच भरलेले. म्हणजे त्या वर्षी भारत म्हणणार, हा आमचा. तिकडे घर भाड्याने घेऊन राहायला लागलात की जर्मनीही म्हणणार, हा आमचा!

अशी ओढाताण होऊ नये म्हणून दोन देशांमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार असतो. भारत आणि जर्मनीमधला करार १९९५ चा आहे. पगारावर कर तिथे, जिथे काम प्रत्यक्ष केलं, हे त्याचं मूळ तत्त्व. थोड्या दिवसांसाठी गेलेल्यांना त्यात सूट आहे, कायम राहायला गेलेल्यांना नाही. गोची अशी, की पुण्याची कंपनी सवयीने इथे टीडीएस कापत राहते आणि तिकडचा कर वेगळा भरावा लागतो. इथला पैसा परत मिळवायचा तर जर्मनीकडून टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट आणा, रिटर्न भरा, वाट बघा.

३) सोशल सिक्युरिटी आणि किमान वेतन

आपल्याकडे पीएफ कापतात, तसं जर्मनीत पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा वगैरे मिळून बरंच कापतात. त्यात मालकाचा वाटाही असतो, पगाराच्या साधारण पाचवा हिस्सा. भारत आणि जर्मनी यांच्यात २०१७ पासून लागू असलेला एक करार आहे. त्यामुळे कंपनीने स्वतः पाठवलेल्या माणसाचा पीएफ इथेच चालू राहतो आणि ४८ महिन्यांपर्यंत तिकडच्या वर्गणीतून सूट मिळते. त्यासाठी पीएफ ऑफिसचं सर्टिफिकेट लागतं. पण ‘कंपनीने पाठवलं’ हे शब्द महत्त्वाचे! ताईला कंपनीने पाठवलं नव्हतं, ती संसारासाठी जात होती.

आणि सगळ्यात मोठा धक्का किमान वेतनाचा. जर्मनीत बसून केलेल्या कामाला तिथलं किमान वेतन लागू होतं, मालक परदेशातला असला तरी. १ जानेवारी २०२६ पासून ते तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याला साधारण २४०० युरो. युरोला शंभर रुपये धरले तरी २ लाख ४० हजार रुपये! पुण्यात सहा वर्षांचा अनुभव असलेल्या टेस्टरला ‘बरा’ वाटणारा पगार तिकडच्या किमान वेतनाच्याही खाली जाऊ शकतो. हे वाचल्यावर ताई बराच वेळ काही बोललीच नाही.

४) कंपनीची बाजू

‘एचआरचं काय जातंय?’ असं आपण सहज म्हणतो. पण त्यांचंही जातं. माणूस दुसऱ्या देशात बसून कंपनीसाठी करार करायला लागला किंवा त्याचं घर हेच कंपनीचं कायमचं ऑफिस ठरलं, तर तो देश म्हणू शकतो की कंपनीचं आमच्याकडे बस्तान आहे, आता नफ्यातला वाटा द्या. शिवाय क्लायंटचा डेटा ठरावीक देशातूनच उघडायचा, अशी अट करारात अनेकदा असते.

मग मार्ग काय? कंपनीची त्या देशात शाखा असेल तर तिथल्या पेरोलवर बदली, हा सगळ्यात सरळ मार्ग. नसेल तर ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’. म्हणजे तिथली एखादी संस्था कागदोपत्री तुमची मालक होते, काम तुम्ही जुन्याच कंपनीचं करता आणि कंपनी त्या संस्थेला पगार, वर्गणी आणि वर फी देते. तिसरा मार्ग नोकरी सोडून फ्रीलान्सर होण्याचा. पण साहेब एकच, कामाचे तास तेच, रजाही विचारून घ्यायची, असं असेल तर जर्मनी त्याला नावापुरता फ्रीलान्सर समजते आणि मागची वर्गणी वसूल करू शकते.

५) घड्याळ आणि बँक

जर्मनी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. पुण्याची सकाळी १० ची मीटिंग म्युनिकला उन्हाळ्यात साडेसहाला आणि हिवाळ्यात पहाटे साडेपाचला. तेही बाहेर किर्र अंधार असताना!

बँकेचंही तसंच. परदेशी राहायला गेलात की इथलं साधं सेव्हिंग्ज खातं तसंच चालवता येत नाही. फेमा कायद्याप्रमाणे ते एनआरओ करून घ्यावं लागतं. पगार त्याच खात्यात येत असेल तर हे काम निघायच्या आधीच सुरू केलेलं बरं.

ताईचं काय झालं? तिच्या कंपनीची जर्मनीत शाखा नव्हती. एचआरने ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’चा हिशोब मांडला, एका टेस्टरसाठी तो परवडत नाही म्हणाले आणि सहा महिन्यांची बिनपगारी रजा देऊ केली. ताईने ती घेतली. आता ती म्युनिकमध्ये जर्मन शिकतेय आणि तिथल्याच कंपन्यांना अर्ज पाठवतेय. सहा वर्षांची सीनिऑरिटी सोडताना वाईट वाटतंच, पण चोरून काम करत रोज दारावरच्या बेलला दचकण्यापेक्षा हे बरं, असं तिचं म्हणणं.

हे सगळं कोणाला घाबरवायला लिहिलेलं नाही. रीतसर परवानगी काढून असं काम करणारे आहेतच. फक्त त्यांनी तिकीट काढायच्या आधी पाच प्रश्न विचारलेले असतात. या व्हिसावर काम चालतं का? कर कुठे भरायचा? वर्गणी कुठे? कंपनीची लेखी परवानगी आहे का? आणि तिकडच्या खर्चात हा पगार पुरेल का? मॅनेजरच्या तोंडी ‘नो प्रॉब्लेम’ला लेखी परवानगी म्हणत नाहीत.

उद्या कॅम्पसमध्ये ऑफर लेटर हातात पडलं की आपण आधी पॅकेजचा आकडा बघणार, बघायलाच हवा! पण त्याच कागदावर ‘प्लेस ऑफ वर्क’ अशी एक छोटीशी ओळ असते. सही करण्याआधी तीही एकदा नीट वाचा.