दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं 80 रुपये, तेही समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसनं घेतलेलं. त्या दिवशी चार पाकिटं तयार झाली. याच कामाचं पुढे ‘लिज्जत पापड’ झालं आणि त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

सुरुवात आणि सन्मान सगळ्यांना ठाऊक असतात. घरगुती उद्योग सुरू करणाऱ्याला उपयोगी पडतो तो मधला भाग. पहिल्या वर्षी पाऊस लागला, पापड वाळेनात आणि काम चार महिने बंद पडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. वर पापड, खाली पेटता स्टोव्ह. पावसातही काम चालू राहिलं.

चिकाटी म्हणतात ती ही. नुसता नेट लावून ऊन पडायची वाट पाहिली असती, तर दुसरा पावसाळाही वाया गेला असता. फराळ, मसाले, पापड-लोणची करून विकणाऱ्यांचं पहिल्या वर्षात कुठे कुठे अडतं आणि तिथे काय करता येतं, ते पाहू.

ओळखीचं गिऱ्हाईक आटतं

पहिल्या ऑर्डरी नणंदेच्या, मैत्रिणीच्या, सोसायटीतल्या शेजारणींच्या असतात. दोन महिन्यांत त्या कमी होतात आणि आपल्या हाताला चवच नाही की काय, अशी शंका येऊ लागते. खरं तर कौतुकाची खरेदी एकदाच होते. वहीत दोन रकाने आखा: नवं गिऱ्हाईक आणि पुन्हा आलेलं गिऱ्हाईक. जुनी गिऱ्हाइकं परत येत असतील तर माल चांगला आहे. तो आणखी लोकांपर्यंत पोचायला हवा. नवी एकदा येऊन पुन्हा फिरकत नसतील, तर चव, भाव किंवा वेळ यांत कुठेतरी चुकतंय. त्यांना ‘कसं झालं होतं?’ विचारलं तर ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं. ‘तिखट जास्त झालं का? किती दिवस कुरकुरीत राहिलं?’ असं विचारलं की खरं कळतं.

स्वतःची मजुरी हिशेबात धरा

समजा, चार किलो चकली केली. सामान 880 रुपयांचं, गॅस आणि पॅकिंग 160 रुपये. किलोला 350 रुपयांप्रमाणे 1,400 आले. हातात 360 उरले म्हणून आनंद होतो. पण भाजणी भाजणं, गिरणीतून दळून आणणं, सोऱ्या फिरवणं, तळणं, भरणं आणि पोचवणं यात नऊ तास गेले असतील, तर तासाला 40 रुपयेच पडले. या भावाने दिवाळीत कंबर मोडते आणि डिसेंबरात ‘हे परवडत नाही’ म्हणून काम सुटतं. तेव्हा आधी मजुरी धरून भाव ठरवा. तो बाजारात चालणार नसेल, तर एका वेळी जास्त माल करून तास वाचतात का ते बघा, नाहीतर तो पदार्थ सोडून द्या.

उधारी

‘पुढच्या वेळी एकदमच देते’ हे वाक्य छोट्या भांडवलाला फार महाग पडतं. 3,000 रुपये उधारीत अडकले की पुढचं तेल-डाळ घरखर्चातून आणावं लागतं आणि घरातली कुरकुर तिथूनच सुरू होते. ऑर्डर घेतानाच निम्मे पैसे घ्या. नातेवाइकांना सांगायला अवघड वाटतं, म्हणून हा नियम ऑर्डरीच्या मेसेजमध्येच लिहून टाका. मग तो सगळ्यांना सारखा लागू होतो. धंद्याचं बँक खातंही वेगळं ठेवा.

चव हातात, माप वहीत

घरी अंदाजाने मीठ घातलं तर चालतं. विकताना मागच्या वेळचीच चव यावी लागते. म्हणून मोहन किती, मिरची कोणती, भाजणी किती वेळ भाजली, हे वजनासह लिहून ठेवा. प्रत्येक खेपेतलं एक पाकीट तारीख टाकून घरीच ठेवा. चकली कितव्या दिवशी मऊ पडली, लाडू कधी खवट लागला, हे गिऱ्हाइकाच्या आधी आपल्याला कळायला हवं. चव बिघडली तर एका वेळी एकच गोष्ट बदला. तेल, पीठ आणि प्रमाण एकदम बदललं तर दोष कशात होता ते कधीच सापडत नाही.

मंदीचे महिने आधीच माहीत असतात

दिवाळीत हात पुरत नाहीत आणि नंतर फोन वाजत नाही, ही या धंद्याची रीतच आहे. त्यामुळे वर्ष पदार्थांवर बांधावं लागतं. संक्रांतीला तिळगूळ आणि गुळपोळी, उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे, पावसाळ्यात मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि कोरड्या चटण्या, श्रावणात उपवासाची भाजणी आणि पुरणपोळी, गणपतीत मोदक. परदेशी मुलांकडे जाणारा फराळ दिवाळीच्या बराच आधी कुरिअरला द्यावा लागतो, म्हणजे तो हंगामही लवकर उघडतो. रिकाम्या आठवड्यांत जुन्या गिऱ्हाइकांना पुढच्या सणाची आठवण करून द्या.

कागदपत्रं लांबवू नका

घरून खाद्यपदार्थ विकायलाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर असला की अनोळखी माणूस विश्वासाने घेतो, दुकानदारही माल ठेवायला तयार होतो. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते; त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका. भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं. पण मालाला पुन्हा मागणी येते आहे, हे वहीत दिसल्यावरच कर्ज काढा. हप्ता मंदीच्या महिन्यातही भरायचा असतो.

किती दिवस नेट धरायचा?

सणांवर चालणाऱ्या धंद्याची पारख दोन-तीन महिन्यांत होत नाही. त्याला एक पूर्ण वर्ष द्यावं. मात्र जास्तीत जास्त किती पैसे घालवायची तयारी आहे, तो आकडा पहिल्याच दिवशी लिहून घरच्यांना दाखवावा. वर्षाअखेरी वही उघडून तीन गोष्टी पाहाव्यात: पुन्हा आलेली गिऱ्हाइकं किती, तासाला काय पडलं आणि काम कोणत्या महिन्यात का थांबलं. पहिले दोन आकडे सुधारत असतील, तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात दुसरं वर्ष घालवायला हरकत नाही. लिज्जतची पहिल्या वर्षाची विक्री होती 6,196 रुपये. खाट आणि स्टोव्ह त्यानंतर आले.