तुटीच्या काळातील आरोग्यछत्र

अमेरिकेत गरिबांच्या औषधोपचाराचा भार उचलणारी ‘मेडिकेड’ ही योजना १९६५ साली अस्तित्वात आली. तिचा खर्च केंद्र सरकार व घटकराज्ये मिळून करतात. केंद्राचा वाटा सर्वसाधारणपणे निम्म्याहून कमी नसतो. राज्य जितके गरीब, तितका तो अधिक.

या व्यवस्थेची खरी कसोटी मंदीत लागते. रोजगार बुडाले की करांचे उत्पन्न आटते आणि नेमक्या त्याच वेळी योजनेचा आधार शोधणाऱ्यांची संख्या वाढते. केंद्र कर्ज काढू शकते. परंतु बहुतेक सर्व राज्यांवर अंदाजपत्रक समतोल राखण्याचे बंधन आहे. शिवाय केंद्राचा वाटा मागील तीन वर्षांच्या दरडोई उत्पन्नावरून ठरत असल्याने चालू संकटाची दखल त्यात उशिराच घेतली जाते. मग कात्री लागते ती लाभार्थींच्या यादीला वा डॉक्टरांच्या मोबदल्याला.

म्हणूनच २००३, २००९ आणि २०२० साली अमेरिकन काँग्रेसने केंद्राचा वाटा तात्पुरता वाढविला. २०२० मध्ये मूळ टक्केवारीत ६.२ची भर पडली. रकमेइतकीच महत्त्वाची होती सोबतची अट : मदत घेणाऱ्या राज्याने पात्रतेचे निकष कडक करू नयेत. २०२० साली तर नावे वगळण्यासच जवळजवळ मनाई होती. ३१ मार्च २०२३ रोजी ते संरक्षण संपले. त्यानंतर दोन कोटींहून अधिक लोक योजनेबाहेर गेले, त्यांतील बहुसंख्य केवळ कागदपत्रांची पूर्तता न झाल्यामुळे.

विनाअट निधी अन्यत्र वळू शकतो. निधीविना घातलेली अट राज्याला पेलत नाही. दोन्ही वेळेवर एकत्र आली, तरच रुग्णाच्या डोक्यावरील छत्र टिकते.