पहिलं घर : खाडीच्या अलीकडे की पलीकडे?

घर घ्यायचं ठरलं की घरातली पुरुषमंडळी दोन आकडे विचारतात : चौरस फूट किती आणि भाव काय? तिसरा आकडा सहसा कुणी विचारत नाही. त्या घरात राहायला महिन्याला किती लागणार, पैसा आणि वेळ दोन्ही? हा आकडा भागवायचा असतो आपल्याला, म्हणून मैत्रिणींनो, तो आपणच आधी मांडून पाहावा.

आमच्या रेवसच्या बाजूला हा प्रश्न फार घरांपुढे आहे. कुणाचे यजमान बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरून मुंबईत कामाला जातात, कुणाचे करंजा ओलांडून उरणला, कुणाचे थळच्या खतकारखान्यात, तर कुणाचे अलिबागच्या कचेरीत. हातात पैसे बेताचे. मग नकाशा पुढ्यात घेऊन चर्चा सुरू होते. रेवस, बोडणी, सारळकडे घ्यावं? अलिबागला लागून चेंढऱ्याला बघावं? पेण? की सरळ खाडीपलीकडे उरण-द्रोणागिरी? (मांडवा, आवास, किहीमचं नाव मी घेत नाही. तिथे मुंबईच्या धनिकांचे बंगले झाल्यापासून भाव आपल्या पदराबाहेर गेले.)

रेवसकडे घर दाखवणारा दलाल पहिलंच वाक्य म्हणतो, "ताई, पूल होतोय." ते खोटं नाही. धरमतर खाडीवर रेवस-करंजा पुलाचं काम हाती घेतलेलं आहे. पण रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८०-८२ची. तेव्हा पहिलीत असलेल्या मुली आता आज्या झाल्या! पूल होईल तेव्हा आनंदच आहे. पण त्याचा भाव आज मोजायचा आणि मधली वर्षं बोटीवर काढायची, हे बेताच्या पैशांतल्या संसाराला झेपणारं नाही. आज ज्या वाटेने जाता येतं, तेवढ्याच वाटेचे पैसे द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ती वाट कशी आहे ते पाहा. भाऊच्या धक्क्याहून रेवसला बोट सव्वा-दीड तासात येते. करंजाची तर पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे नेऊन सोडते. ऐकायला किती सोपं! पण रेवसच्या धक्क्यापाशी गाळ साचतो. मोठ्या ओहोटीला पाणी इतकं उतरतं की बोट लागायची पंचाईत होते आणि भरतीची वाट पाहत बसावं लागतं. ही वेळ काढायला आपल्याकडे एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमाराला. शाळेत मुलं पाऊणकीला कंटाळली की मी हेच उदाहरण देते, मग बरोबर लक्ष देतात. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळ-संध्याकाळी सहा-सातला, ऐन कामावर जायच्या-यायच्या वेळेला, खाडी सर्वांत जास्त उतरलेली असते. उधाणाची भरती मोठी, तशी तिची ओहोटीही मोठी. महिन्यातून दोनदा, तीन-तीन चार-चार दिवस हा प्रकार. तेव्हा दिनदर्शिका घ्या, यजमानांच्या कामाच्या वेळा तिच्याशी ताडून पाहा, आणि अशा एका दिवशी स्वतः बोटीने जाऊन या. रविवारी दुपारच्या भरतीला जाऊन घर पसंत करू नका!

मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँचेस पावसाळ्यात बंदच असतात. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो बोट मोठी, ती पावसातही जाते. पण हवा फारच बिघडली की तीही थांबते.

आता पैशांचा हिशेब. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचं कर्ज घेतलं तर दर लाखाला महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. (वीस वर्षांत एका लाखाचे दोन लाख आठ हजार भरून होतात, हेही लक्षात असू द्या.) समजा इकडचं घर पलीकडच्यापेक्षा पाच लाखांनी स्वस्त आहे. म्हणजे तुमचा फायदा महिन्याला ४,३४० रुपयांचा. पाच लाख म्हटलं की डोळे दिपतात, चार हजार तीनशे म्हटलं की माणूस भानावर येतो. आता त्यातून वजा करत चला. यजमानांचं जाण्यायेण्याचं जास्तीचं भाडं, मुलाच्या शाळेची गाडी, बाजाराला जायला लागणाऱ्या स्कूटरचं पेट्रोल, उन्हाळ्यातलं विकतचं पाणी. उरलेल्या रकमेपुढे रोजचे प्रवासाचे तास लिहा. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंनी हाच कागद मांडला आणि इकडच्या दोन खोल्यांऐवजी पेणला लहान घर घेतलं. सासरी थोडी नाराजी झाली, पण मुलीचे बाबा संध्याकाळी तिचा अभ्यास घ्यायला घरी असतात.

पाण्याबद्दल मात्र दलालाला काहीच विचारू नका. शेजारच्या बायकांना विचारा, आणि तेही मे महिन्यात. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. एक घरगुती परीक्षा सांगते. त्या घरचं पाणी दोन बाटल्या भरून आणा आणि त्यात तुरीची डाळ शिजत घाला. जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेसही येत नाही. सहा महिने असं पाणी वापरायचं म्हणजे गॅस, साबण आणि वेळ, तिन्हीचा खर्च वाढला.

तसंच पावसाळ्याचं. जवळ खारबांध असेल तर उधाणाला पाणी कुठवर येतं ते जुन्या माणसांकडून समजून घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा कोणाचे पत्रे उडाले आणि कोणाकडे वीज किती दिवसांनी आली, हे त्या गल्लीत अजून सगळ्यांना पाठ असेल. आणि रात्री-अपरात्री सासूबाईंना दम लागला तर? जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे, रेवसपासून २० किलोमीटरच्या पुढे. त्या वेळी वाहन कुणाचं, हे आधीच ठरलेलं बरं.

पलीकडचं चित्र १२ जानेवारी २०२४ ला पालटलं. त्या दिवशी अटल सेतू सुरू झाला आणि खारकोपरपर्यंत येणारी लोकलही उरणपर्यंत आली. सेतूचा बोलबाला मोठा, पण त्यावर स्कूटर आणि रिक्षा यांना मनाई आहे, गाडीला टोल आहे. आपल्यासारख्यांना खरा उपयोग लोकलचा. ती नेरुळ-बेलापूरला जाते, पुढे हार्बरची गाडी बदलायची. यजमान मुंबईत किंवा बंदरात कामाला असतील तर मी द्रोणागिरीतलं लहान घर आधी बघेन. नोकरी अलिबागची असेल तर चेंढरे; तिथे रेल्वे नाही, पण दवाखाना, शाळा, बाजार जवळ. नोकरी बदलायची शक्यता असेल तर पेण, कारण रेल्वे आणि महामार्ग दोन्ही आहेत. रेवस बाजूला घर घ्यावं ते ज्यांचं काम, माणसं आणि मुलांची शाळा इथेच आहे त्यांनी. त्यांना हवा, मासळी आणि मोकळं अंगण यांचं सुख आहे, ते मी नाकारत नाही.

कागदपत्रांत एक मेख आहे. रेरा कायद्याची नोंदणी ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठ घरांपर्यंतच्या प्रकल्पाला बंधनकारक नाही, आणि गावाकडच्या इमारती बहुधा एवढ्याच असतात. तेव्हा "रेरा लागत नाही" हे खरं असलं तरी तुमची तपासणी वाढते, कमी होत नाही. सातबारा, बिगरशेतीचा आदेश, मंजूर नकाशा आणि राहण्यास योग्य असल्याचा दाखला वकिलाला दाखवा. खाडीजवळ असेल तर किनारा नियमनाची हद्द विचारा. नोंदणी झालेल्या प्रकल्पात लेखी करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. नोंदणी नसली तरी आपण तोच नियम धरावा. स्वस्त प्लॉटचं आमिष दाखवलं तर लक्षात ठेवा, शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

आणि नावाचं विसरू नका. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात फक्त स्त्रीच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वीस लाखांच्या घरावर वीस हजार वाचतात. आधी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अटही २०२३ मध्ये गेली. मात्र कर्ज यजमानांच्या पगारावर असेल तर बँक दस्तावर त्यांचंही नाव मागू शकते, आणि मग सवलत मिळत नाही. म्हणून हे दस्ताच्या दिवशी नाही, कर्जाचा अर्ज भरतानाच बँकेत विचारून घ्या.