फोनच्या पाठीवर फुल्या

मोबाईलच्या कव्हरवर क्रॉस स्टिच करायचं ठरलं, की बहुतेकजण आधी दोऱ्याचे रंग काढून बसतात. आधी फूटपट्टी काढावी. आजचा साधारण फोन सोळा सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद. कडा आणि गोलाई सोडली तर भरायला सहा बाय चौदा सेंटिमीटर जागा उरते. भोकांमधलं अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास धरलं, तर आडव्या २४ आणि उभ्या ५६ फुल्या झाल्या. त्यातला वरचा एक कोपरा कॅमेऱ्याचा. ज्यांनी एके काळी मॅटीवर रुखवतासाठी राजहंसांची जोडी भरली असेल, त्यांना हे आकडे ऐकून हसू येईल. एका हंसाची मानसुद्धा एवढ्यात मावायची नाही.

मग मावतं काय? १९९९ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीच्या फोनसेवेसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चिन्हांचा इमोजी-संच तयार केला. प्रत्येक चिन्हाला जागा मिळाली १२ बाय १२ ठिपक्यांची. हृदय, छत्री, सूर्य, सगळं त्या १४४ घरांत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ मध्ये हा संच आपल्या संग्रहात घेतला. त्याच्याही आधी, १९८०च्या दशकात, ॲपलच्या मॅकिंटॉशची चिन्हं काढताना सुझन केअर यांनी चौकटीची वही घेऊन ३२ बाय ३२ घरं रंगवली होती. मोझेक आणि सुईकामाचा हात आधीपासून असल्याने ठिपक्यांचं चित्र त्यांना नवखं वाटलं नाही. फोनच्या पडद्यावरची चित्रकला भरतकामाच्या घरचीच आहे. म्हणून २४ फुल्यांच्या रुंदीत कुरितांच्या मापाची दोन चिन्हं शेजारी-शेजारी अशी बसतात, की कुणाला वाटावं कव्हर त्यांच्यासाठीच कापलंय.

बसत नाही तो फोटो. फोटो टाकला की त्याचा नमुना करून देणारी ॲप्स आहेत आणि मोह प्रत्येकाला होतो. पण २४ घरांत चेहरा बसवला की नाकाच्या वाट्याला जेमतेम तीन फुल्या येतात आणि आजोबा, नातू, मांजर सगळे एकाच घराण्यातले दिसू लागतात.

आता कव्हर. भोकं पाडलेली सिलिकॉनची कव्हरं मिळतात, पण मोजक्याच फोनांची. आपल्या फोनचं नसेल तर टणक प्लास्टिकचं कव्हर घेऊन भोकं आपण पाडायची. मऊ, वाकणारं कव्हर याला चालत नाही. त्यातलं भोक पुन्हा मिटतं नाहीतर फाटतं. खरी अडचण असते ती भोकं एका ओळीत आणण्याची. त्यावर उपाय इंजिनिअरिंगच्या पोरांकडे आहे: झिरो पीसीबी. सर्किट जोडण्यासाठी वापरतात ती भोकाभोकांची पट्टी. तिच्यातली भोकं बरोबर २.५४ मिलिमीटरवर, म्हणजे इंचाला दहा. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती सहज मिळते. ती कव्हरवर चिकटपट्टीने घट्ट बसवायची, खाली लाकडाचा तुकडा ठेवायचा आणि १ मिलिमीटरच्या बिटने, हातड्रिलने, सावकाश एकेक भोक. सगळं कव्हर भोसकत बसू नये. १२ बाय १२च्या चित्राला १३ बाय १३, म्हणजे १६९ भोकं पुरतात.

दोरा नेहमीचाच, सहापदरी लडीतला. इंचाला दहा फुल्या असतील तर तीन पदर घ्यावेत. दोन पदरांत मागचं प्लास्टिक डोकावतं. सहाच्या सहा घ्यायचा आळस मात्र अंगाशी येतो, कारण आतल्या प्रत्येक भोकात चार फुल्यांचे पाय उतरतात. तीन पदर गुणिले चार, म्हणजे एवढ्याशा भोकातून बारा पदर जायचे. चौथ्या वेळी सुईचं नेढं अडकायला लागतं. म्हणून सुई बोथट टोकाची आणि २६ नंबरची, बारीक. फुलीचा वरचा पाय सगळीकडे एकाच दिशेला हवा, हा जुना नियम इथे दुप्पट कडक. फोन हातात सतत फिरतो, उजेड तिरका पडतो आणि चुकलेली फुली लगेच ओळखू येते.

गाठ मारायची नाही. कापडाच्या मागची गाठ फ्रेमच्या पुठ्ठ्यात लपते. इथे मागे फोन टेकलेला असतो. दोन-चार गाठी झाल्या की कव्हर एका कोपऱ्यात बसत नाही. दोऱ्याचं टोक पहिल्या काही टाक्यांखाली दाबून घ्यावं आणि शेवट मागच्या टाक्यांतून सुई सरकवून करावा. बाह्यरेषा काढायची असेल तर धारवाडच्या कसुतीकडे बघावं. इरकल साडीवरचं ते भरतकाम धागे मोजून केलं जातं, न छापता आणि न गाठ मारता. त्यातला ‘मेंथी’ हा फुलीचाच टाका. आपल्या कामाचा खरा टाका मात्र ‘गावंटी’. जाताना एक घर सोडून धावदोरा घालायचा, परत येताना राहिलेली घरं भरायची. दोन्ही बाजूंनी सारखीच सलग रेष दिसते. उलटी टीप घातली तर मागे दोरा दुप्पट साठतो; गावंटीत एकाच पदराची जाडी राहते.

मला सगळ्यात मजा वाटते ती कव्हरवर देवनागरी बसवण्यात. इंग्रजी अक्षरांचे तयार तक्ते ढिगाने आहेत, आपली अक्षरं आपणच वहीत काढावी लागतात. शिरोरेषेची एक ओळ, तिच्याखाली अक्षराला सात, वर वेलांटी-मात्रा-रफारासाठी तीन आणि खाली उकारासाठी तीन, अशा चौदा ओळी धराव्यात. ग, म, न, प, त ही गुणी अक्षरं. उभ्या काठीला टेकून निमूट उभी राहतात. अनुस्वार तर एका फुलीत उरकतो. खरा घाम काढतो तो ‘ळ’. त्याच्या दोन गाठोड्यांना मिळून किमान नऊ घरं रुंदी द्यावी लागते, नाहीतर काळे आडनावाचं भलतंच काहीतरी होतं. मॅटीवर घराच्या मधोमध सुई खुपसून पाऊण फुली घालता येते आणि गोलाई साधते. प्लास्टिकला मधे भोकच नसतं, तेव्हा गोलाई पायऱ्यापायऱ्यांचीच. उभ्या फोनवर आडवं नाव लिहिलं तर तीन अक्षरांत जागा संपते. फोन आडवा धरून लांबीच्या दिशेने लिहिलं तर सात अक्षरं येतात.

वायरलेस चार्जिंग वापरत असाल तर खरी जर टाळा. तिच्यात धातूची तार असते आणि ती चार्जरवर तापते. सुती दोऱ्याला ती भीती नाही, पण तो हाताचा घाम पितो. पांढरा रंग महिनाभरात मळका दिसू लागतो. फोन काढून कव्हर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावं. गडद लाल दोऱ्याचा रंग जातो का, ते आधी ओल्या चिंधीवर घासून बघावं.

एवढी मेहनत एका मॉडेलच्या कव्हरवर करावी का, हा प्रश्न रास्त आहे. फोन बदलला की कव्हर बाद. माझं मत विचाराल तर भोकं पाडण्याचा हौशी पराक्रम एकदाच करावा. पुढच्या वेळी इंचाला चौदा घरांचा जाळीदार प्लास्टिकचा तुकडा घ्यावा, दोन पदरांनी भरावा आणि किंचित सैल पारदर्शक कव्हरच्या आत सरकवावा. रुंदी २४ वरून ३३ फुल्यांवर जाते, दोऱ्याला हातही लागत नाही. चित्र खालच्या दोन तृतीयांशात ठेवलं, तर नव्या फोनचा कॅमेरा कुठल्याही कोपऱ्यात आला तरी वरून फक्त जाळी कापायची आहे.