स्टेपनी नसलेली मोटार

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पंक्चरवाल्याचे दुकान असेलच. तो सायकलची ट्यूब पाण्याने भरलेल्या घमेल्यात बुडवतो. जिथून बुडबुडे येतात, तिथे भोक! मग कानशीने घासणे, सोल्युशन लावणे, ठिगळ चिकटवणे. पाच-दहा मिनिटांत काम होते.

आता दुसरी गाडी डोळ्यांसमोर आणा. जमिनीला टेकेल की काय असे वाटावे इतकी बुटकी, दोनच माणसांची, ताशी 250 किलोमीटरहून जास्त वेगाने धावू शकणारी स्पोर्ट्‌स कार. तिची किंमत कोटींत असते. पण रस्त्यावरचा खिळा गाडीची किंमत विचारत नाही. अशा मोटारीचे चाक पंक्चर झाले तर काय करतात?

तुम्ही म्हणाल, "त्यात काय? स्टेपनी लावायची!" पण या गाडीत बहुतेक वेळा स्टेपनी नसतेच.

या 'स्टेपनी' शब्दाची गोष्ट मजेदार आहे. हा शब्द ना मराठी, ना उर्दू. तरी आपण तो दोन्ही भाषांत बोलतो. सुरुवातीच्या मोटारींचे चाक काढता येत नसे. पंक्चर झाले की भर रस्त्यात टायर उचकटून ट्यूब बदलावी लागे. 1895 साली फ्रान्समध्ये पॅरिस-बोर्दो-पॅरिस ही सुमारे 1,200 किलोमीटरची शर्यत झाली. तिच्यात मिशेलिन बंधूंनी हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. त्यांचा बराच वेळ पंक्चर काढण्यात गेला! पुढे 1904 मध्ये ब्रिटनमधील वेल्स प्रांतात, लानेली गावी, डेव्हिस बंधूंनी एक युक्ती काढली. हवा भरलेला टायर एका बिनआऱ्यांच्या कड्यावर बसवायचा आणि ते कडे पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून आवळायचे. त्यांचे दुकान स्टेपनी नावाच्या रस्त्यावर होते. रस्त्याचे नाव वस्तूला मिळाले. इंग्लंडात आज हा शब्द फारसा कोणी बोलत नाही. आपल्याकडे मात्र तो प्रत्येक ट्रक ड्रायव्हरच्या तोंडी आहे. ब्राझीलमध्येही जादा चाकाला 'एस्तेपे' म्हणतात.

मग स्पोर्ट्‌स कारमधून स्टेपनी का गेली? एक टायर पाहू. त्यावर 305/30 आर 21 असे आकडे लिहिलेले असतात. पोर्शे 911 या गाडीच्या काही प्रकारांत मागच्या चाकांना असे टायर असतात. 305 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 30 म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या 30 टक्के. गुणाकार करून पाहा : सुमारे 91 मिलिमीटर. 21 म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. आपल्या जुन्या मारुती 800 चे रिम 12 इंचांचे होते. म्हणजे स्पोर्ट्‌स कारचे रिम पावणेदोन पट मोठे, पण भिंत जेमतेम 9 सेंटिमीटरची. शिवाय पुढचे टायर मागच्यापेक्षा अरुंद असतात. एकच स्टेपनी चारही जागी कशी चालणार? आणि दोन प्रकारची चाके ठेवायला जागा कुठे? बरे, लहान स्टेपनी लावली तरी काढलेले एवढे रुंद चाक त्या चिमुकल्या डिकीत मावत नाही. ते शेजारच्या सीटवर ठेवावे, तर शेजारचा माणूस जाणार कुठे!

जॅक लावणे हेही सोपे नसते. गाडी आधीच बुटकी, त्यात हवा गेल्याने आणखी खाली बसते. साधा जॅक खाली सरकतही नाही. शिवाय जॅक टेकवण्याच्या जागा ठरलेल्या असतात; भलत्याच ठिकाणी तो लावला तर गाडीचा तळ चेपतो. काही गाड्यांचे चाक पाच बोल्टऐवजी मधल्या एकाच मोठ्या नटाने बसवलेले असते. पोर्शे 911 जीटी 3 चा असा नट सुमारे 600 न्यूटन-मीटर इतक्या जोराने आवळावा लागतो. हा जोर किती? एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे 60 किलो वजनाचा माणूस लोंबकळला तर पडेल तेवढा. रस्त्याच्या कडेला हे कोण करणार? अशा वेळी गाडी सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून न्यावी, हेच शहाणपणाचे.

म्हणून कारखानदारांनी दुसरे मार्ग शोधले. पहिला मार्ग, हवा गेली तरी चालणारा टायर. याच्या बाजूच्या भिंती जाड आणि ताठ असतात. हवा नसली तरी त्या गाडीचे वजन पेलतात. 1997 च्या मॉडेलपासून अमेरिकेतील कॉर्व्हेट ही स्पोर्ट्‌स कार असेच टायर घेऊन आली आणि तिच्यातून स्टेपनी काढून टाकली गेली. या टायरवर साधारणपणे ताशी 80 किलोमीटरच्या आत राहून सुमारे 80 किलोमीटर जाता येते. यात एक अडचण आहे. चाक बसलेले दिसत नाही, म्हणून चालकाला पंक्चर कळतही नाही. त्यासाठी चाकात हवेचा दाब मोजणारे यंत्र बसवतात. दाब घटला की समोर दिवा लागतो.

दुसरा मार्ग म्हणजे बाटली आणि छोटा पंप. बाटलीत चिकट द्रव असतो. तो व्हॉल्व्हमधून टायरमध्ये सोडायचा आणि पंपाने हवा भरायची. हवा भोकातून बाहेर पडू पाहते, तिच्याबरोबर द्रवही तिथे जातो आणि भोक बुजते. मात्र खिळा टायरमध्ये असेल तर तो उपटू नये. तोही एक बूचच असतो. हवा भरल्यावर लगेच काही किलोमीटर गाडी सावकाश चालवावी, म्हणजे द्रव आतून सगळीकडे पसरतो. मग थांबून दाब पुन्हा मोजावा. तो फार उतरला असेल तर पुढे जाऊ नये. हा उपाय नक्षीच्या भागातील बारीक भोकासाठीच आहे. भिंत फाटली असेल तर बाटली व्यर्थ. त्या द्रवालाही मुदत असते. बाटलीवरची तारीख कोणी वाचत नाही, ही वेगळी गोष्ट! भारतातही 2020 मध्ये नियम बदलले. ट्यूबलेस टायर, दाब सांगणारे यंत्र आणि असा दुरुस्तीसंच असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनी सक्तीची राहिली नाही.

पण हवा गेलेल्या साध्या टायरवर "थोडेसेच तर जायचे आहे" म्हणून गाडी चालवली तर काय होते? हिशेब करू. गाडीचे वजन 1,500 किलो धरा. प्रत्येक चाकावर 375 किलो. टायरमधील दाब दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो असेल, तर 375 भागिले अडीच, म्हणजे 150 चौरस सेंटिमीटर. पोस्टकार्डापेक्षा जरा मोठ्या एवढ्याशा जागेवर ते चाक रस्त्याला टेकते. दाब निम्मा झाला की तेवढेच वजन पेलायला दुप्पट जागा लागते. म्हणजे टायर चपटा होतो आणि त्याची भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते. तार वारंवार वाकवली की तापते आणि तुटते ना? तसेच रबर तापते, आतले धागे सुटतात आणि टायर अचानक फुटतो.

वेगात टायर फुटला तर चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. नेमके तेच करायचे नसते. जोरात ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला खेचली जाते, गरगर फिरते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा, गाडीला आपोआप मंद होऊ द्यावे आणि मग डाव्या कडेला घ्यावे. चारही इशारादिवे लावावेत. लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवावा.

आणि माणसांनी गाडीत किंवा गाडीच्या मागे थांबू नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यावर ताशी 100 किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर अंतर कापते. उभ्या गाडीजवळ वाकून चाक पाहणारा माणूस तिच्या चालकाला दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. सर्वांनी लोखंडी कठड्याच्या पलीकडे जाऊन उभे राहावे आणि तिथूनच मदतीसाठी फोन करावा. गाडी कोटीची असली तरी तिच्या राखणीसाठी रस्त्यावर उभे राहू नये.

गॅरेजमध्ये पोचल्यावर कारागीर टायर रिमवरून उतरवतो, आतला चिकट द्रव पुसून काढतो आणि भोक पाहतो. साध्या गाडीचा टायर असता तर आतून ठिगळ लावून तो परत बसवला असता. पण ताशी 250 किलोमीटर वेग सोसणाऱ्या टायरला ठिगळ चालेल का, याबद्दल कारखानदार फार सावध असतात. पुष्कळदा नवा टायरच घ्यावा लागतो. जुना टायर बराच झिजला असेल तर एकाच धुरीवरचे दोन्ही टायर बदलतात, कारण एक उंच आणि एक ठेंगणा अशी जोडी वेगात सरळ चालत नाही.