तिप्पट मापाचा सदरा आणि रोजची जीन्स

चुणीदार कपडा करण्याची रीत बहुतेक सगळीकडे सारखीच आहे. आधी कापडाला चुण्या पाडायच्या, मग ते बेतायचं, मग शिवायचं. इस्से मियाके या जपानी डिझायनरने ही रीत उलटी केली. त्यांच्या ‘प्लीट्स प्लीज’ या कपड्यांत सदरा आधी पूर्ण शिवून तयार होतो, आणि तो घालणाऱ्याच्या मापापेक्षा अडीच ते तीन पट मोठा असतो. टेबलावर पसरला तर तंबूचं कापड वाटावं एवढा. मग तो कागदाच्या दोन थरांमध्ये ठेवून यंत्रात सरकवतात. यंत्र त्याला बारीक चुण्या पाडत, तापवत, दाबत पुढे नेतं आणि दुसऱ्या बाजूने कागदाची ताठ पट्टी बाहेर येते. कागद सोलला की आत माणसाच्या मापाचा सदरा! गळा, बाह्या, शिवणी सगळं जागच्या जागी आणि अंगभर उभ्या चुण्या.

असा कपडा हँगरवर पाहिला की मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की हे रोज कोण घालणार? त्याचं उत्तर मला फार विलक्षण वाटतं. हा कपडा मुळात रोज घालण्यासाठीच जन्माला आला आहे. जीन्स आणि टी-शर्ट जसे जगात कुणीही, कुठेही, कशावरही घालतं, तसं काहीतरी आपल्या हातून घडावं, अशी मियाके यांची इच्छा होती. जपानी डिझायनरांचे ठसठशीत कपडे आपल्या साध्या कपड्यांत इतक्या सहज का मिसळतात, याचं मूळ त्या इच्छेत आहे.

मियाके यांचा जन्म १९३८ सालचा, हिरोशिमाचा. अणुबॉम्ब पडला तेव्हा ते ७ वर्षांचे होते. किरणोत्साराने त्यांची आई पुढच्या काही वर्षांतच गेली. या अनुभवाबद्दल ते अनेक दशकं जाहीरपणे बोलले नाहीत. २००९ साली त्यांनी त्याविषयी लिहिलं, तेही अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी हिरोशिमाला यावं म्हणून. नष्ट होणाऱ्या गोष्टींपेक्षा घडवता येणाऱ्या गोष्टींचा विचार करणं त्यांना पसंत होतं. १९६५ मध्ये ते पॅरिसला गेले आणि तिथल्या नामांकित फॅशनघरांत शिकले. १९६८ च्या मे महिन्यात विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर उतरलेले त्यांनी पाहिले आणि मूठभर श्रीमंतांसाठी कपडे करण्यात आयुष्य घालवायचं नाही, हे त्यांच्या मनाने घेतलं. १९७० मध्ये टोकियोत त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला.

चुण्यांवरचं काम सुरू झालं १९८८ मध्ये. चुणीदार वस्त्रं त्याआधीही होती. व्हेनिसमध्ये मारियानो फोर्तुनी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेशमाचे अतिशय देखणे चुणीदार झगे केले. पण ते भिजले की चुण्या जायच्या आणि झगा पुन्हा चुण्या पाडायला कारागिरांकडे पाठवावा लागायचा. मियाके यांनी ही अडचण रसायनशास्त्राच्या मदतीने सोडवली. त्यांनी निवडलं पॉलिएस्टर, म्हणजे उंची कपड्यांच्या जगात ज्याला फारसा मान नव्हता ते कापड.

पॉलिएस्टरचा धागा म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या वर या साखळ्या सैल होऊ लागतात, आणि धागा वितळतो तो थेट २५० अंशांच्या आसपास. या दोन तापमानांच्या मधल्या पट्ट्यात कापडाला हवा तो आकार देता येतो. चुणी पाडून कापड तापवलं की साखळ्या नव्या आकारात जुळून बसतात. थंड झालं की तिथेच घट्ट होतात. त्यानंतर साध्या पाण्यात कितीही वेळा धुतलं तरी चुणी हलत नाही. सुती कापडाचं असं होत नाही. सुतातल्या रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे बंध पाण्याने सुटतात, म्हणून सुती सदऱ्याची इस्त्री प्रत्येक धुण्यानंतर नव्याने करावी लागते. मियाके यांच्या सदऱ्यात इस्त्री कारखान्यातच कायमची होऊन येते.

आणि या कपड्याची परीक्षा झाली ती नर्तकांच्या अंगावर. १९९१ मध्ये विल्यम फोर्साइथ यांच्या फ्रँकफर्ट बॅलेसाठी मियाके यांनी चुणीदार पोशाख केले. उडी, गिरकी, वाकणं, सगळ्यात कापड अंगाबरोबर ताणलं गेलं आणि पुन्हा मिटलं. पुढच्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये नुकत्याच स्वतंत्र झालेल्या लिथुआनियाच्या खेळाडूंनी त्यांनीच केलेले चुणीदार गणवेश घातले. १९९३ मध्ये ‘प्लीट्स प्लीज’ बाजारात आलं. नर्तकाला मोकळीक देणारा कपडा लोकलमध्ये चढणाऱ्या, मूल कडेवर घेणाऱ्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसालाही तीच मोकळीक देतो.

या मोकळिकीच्या मागे जपानची जुनी समज आहे. किमोनोचं कापड साधारण ३६ ते ३८ सेंटीमीटर रुंद आणि सुमारे १२ मीटर लांब विणलं जातं आणि सरळ रेषांतच कापलं जातं. कातरण जवळपास उरत नाही. छाती, कंबर, खांदा यांच्या वळणांमागे कात्री धावत नाही. कापड सपाट राहतं आणि आकार येतो तो अंगावर चढल्यावर. युरोपातला कोट याच्या उलट वाटेने जातो. तिथे मापं घेऊन, टक्स घालून, खांद्यात भरण घालून कापडालाच शरीराचा आकार देतात. मियाके यांनी सत्तरच्या दशकापासून ‘कापडाचा एक तुकडा’ हाच आपल्या कामाचा पाया मानला. साडी नेसणाऱ्या आणि उपरणं पांघरणाऱ्या आपल्या लोकांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. भारताशी त्यांचा धागाही खरोखरचा होता: अहमदाबादच्या आशा साराभाई यांच्या कार्यशाळेबरोबर त्यांच्या स्टुडिओने वर्षानुवर्षं हाताने विणलेल्या आणि हाताने शिवलेल्या वस्त्रांचं काम केलं.

साध्या कपड्यांत मिसळण्याचं रहस्य मला इथे सापडतं. सुटाचा कोट आपल्या जोडीची पँट मागतो, शर्ट मागतो, बूट मागतो. तो एका संचाचा भाग असतो. सपाट कापडातून आलेला कपडा असा कशावरच अवलंबून नसतो. तो एकटा पूर्ण असतो, म्हणूनच कुणाबरोबरही जातो.

रेई कावाकुबो आणि योजी यामामोतो हे दोघे जपानी डिझायनर वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोहोचले. १९८१ मध्ये दोघांनी पॅरिसमध्ये पहिल्यांदा कपडे मांडले. दोघांचा रंग काळा, कपडे ढगळ, कडा अर्धवट. कावाकुबो यांच्या १९८२ च्या प्रसिद्ध स्वेटरला भोकं होती. विणकामाच्या यंत्राचे स्क्रू मुद्दाम सैल करून ती आणली होती. यंत्राच्या अतिसफाईदार कामात माणसाच्या हाताचा अनपेक्षितपणा यावा, हा त्यामागचा शोध होता. यामामोतो यांचे वडील युद्धात गेले आणि टोकियोच्या काबुकिचो भागात शिवणकाम करून आईने त्यांना वाढवलं. कायद्याची पदवी घेऊनही ते आईच्या दुकानात आले. पुरुषांच्या कोटासारखे, वाऱ्यापावसात टिकणारे आणि कामाला सोयीचे कपडे बायकांना मिळावेत, ही त्यांची सुरुवातीची धडपड. जपानमध्ये या दोघांच्या चाहत्या तरुणाईला काळ्या कपड्यांवरून ‘कावळ्यांची जमात’ असं नाव पडलं होतं. काळ्या रंगात नक्षी दिसत नाही. दिसतो तो फक्त आकार, कापडाचा झोळ आणि त्यात पडणारी सावली. असा रंग दुसऱ्या कुठल्याच रंगाशी भांडत नाही.

या मिसळीचं जगाने सर्वांत जास्त पाहिलेलं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. स्टीव्ह जॉब्स ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपानला सोनी कंपनीत गेले असताना तिथल्या कामगारांचे गणवेश त्यांना आवडले. ते मियाके यांनी केलेले होते. ॲपलमध्ये गणवेशाची कल्पना कर्मचाऱ्यांनी धुडकावली, पण मियाके यांच्याशी ओळख टिकली. मियाके यांनी जॉब्स यांना उंच गळ्याचे शंभरेक काळे टी-शर्ट करून दिले. जॉब्स ते घालायचे कशावर? लिव्हाइसच्या निळ्या जीन्सवर, न्यू बॅलन्सच्या बुटांबरोबर. जगातल्या एका मोठ्या डिझायनरचा कपडा वर्षानुवर्षं मंचावर दिसत होता, आणि बघणाऱ्याला तो फक्त एका माणसाचा नेहमीचा वेश वाटत होता.

आता आपल्या कपाटाकडे वळू. एका वेळी असा एकच कपडा घाला. चुणीदार पँट असेल तर वर साधा पांढरा सुती टी-शर्ट. चुणीदार सदरा असेल तर खाली जीन्स किंवा सुती पँट. चुण्या प्रकाश तोडतात, त्यांत रेषांची हालचाल असते. शेजारी सपाट, खरखरीत कापड असलं की ती हालचाल उठून दिसते. डेनिम, खादी, हातमागाचं जाडसर सूत हे तिचे उत्तम सोबती. रेशीम आणि जर शेजारी आली की दोन्ही एकमेकांची चमक खातात.

मग घेराकडे बघा. यामामोतो यांची ऐसपैस गॅबर्डिन पँट असेल तर वरचा कपडा आखूड किंवा अंगासरशी ठेवा. कोट ढगळ, पायघोळ असेल तर खालची पँट सरळ, निमुळती. डोळ्याला एका जागी विसावा मिळाला की दुसरीकडचा मोठा आकार त्याला आवडू लागतो. मापाच्या चिठ्ठीवर १, २, ३ असे आकडे दिसतील. ते आपल्या नेहमीच्या मापाशी जुळवत बसू नका. घालून हात वर करा, खाली बसा, चाला. खांदा घसरलेला दिसला तर तो बहुतेक वेळा तसाच असायला हवा असतो.

आपल्या हवेचाही विचार हवा. चुण्यांचे फक्त कंगोरे अंगाला टेकतात आणि मधून हवा खेळते, म्हणून हा कपडा दिसतो त्यापेक्षा मोकळा वाटतो. पण पॉलिएस्टर घाम टिपत नाही. मुंबईच्या किंवा कोकणच्या मे महिन्यात आत पातळ सुती बनियन किंवा स्लिप घाला आणि संध्याकाळच्या वेळेला असा कपडा राखून ठेवा. पावसाळ्यात मात्र झटकन वाळणारं हे कापड मोठं सोयीचं. धुताना गार पाणी, सौम्य साबण. पिळू नका, इस्त्री कधीच करू नका, कारण जी उष्णता चुणी देते तीच ती मोडते. वाळल्यावर हँगरवर टांगण्याऐवजी गुंडाळून ठेवा. प्रवासात त्याची गुंडाळी बॅगेच्या कोपऱ्यात मावते आणि उलगडली की कपडा तयार.

हे कपडे महाग आहेत, यात शंका नाही. म्हणून सुरुवात लहान करा. एक चुणीदार स्कार्फ, कावाकुबो यांच्या कंपनीचा डोळेवाल्या लाल बदामाचा पट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्ट, एखादं काळं जॅकेट. टोकियोत जाणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे: तिथे वापरलेले डिझायनर कपडे विकणारी चांगली दुकानं आहेत, त्यांत माल तपासून, स्वच्छ करून ठेवलेला असतो. चुणीदार कपडा वर्षानुवर्षं आकार टिकवतो, त्यामुळे दुसऱ्याच्या अंगावरून आलेलाही तो नव्यासारखाच चालतो.

मियाके २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांचे कपडे संग्रहालयांत आहेत, आणि त्याच वेळी जगभरच्या बसगाड्यांत, भाजीबाजारांत, कचेऱ्यांतही आहेत. ही दुसरी जागा त्यांना अधिक आवडली असती, असं त्यांच्या कामाकडे पाहून मी खात्रीने म्हणेन. तेव्हा असा एखादा कपडा तुमच्याकडे आला, तर तो लग्नाकार्यासाठी कपाटात ठेवून देऊ नका. येत्या मंगळवारी जीन्सवर घाला आणि कामाला जा.